मेंदूचे पृष्ठ आणि छेदांची जाडी : एका प्रतिमा-साधनाची चिकित्सा

मानवी मेंदूच्या पृष्ठभागाचे जे रेखीव चित्र आज वैद्यकाच्या ग्रंथांत आणि रुग्णालयाच्या पडद्यावर दिसते ते छायाचित्र नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. जिवंत माणसाची कवटी न उघडता त्याच्या मेंदूच्या वळ्या कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. चुंबकीय अनुनादाच्या ज्या पद्धतीला व्यवहारात एमआरआय म्हणतात, तिने मेंदूतील ठिकठिकाणच्या ऊतींपासून येणाऱ्या संदेशाचे आकडे मिळतात. त्या आकड्यांवरून करडे द्रव्य कोठे संपते आणि श्वेत द्रव्य कोठे सुरू होते याचे अनुमान केले जाते, आणि त्या अनुमित सीमेवर गणकयंत्र एक अखंड, छायाप्रकाशाने उठावदार केलेली कातडी ताणून बसविते. पाहणाराला दिसते ती ही कातडी. इतिहाससंशोधकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर मापांचे आकडे हा अस्सल कागद होय आणि पडद्यावरील पृष्ठ ही त्यावरून रचलेली बखर होय. बखर खोटी असतेच असे नाही. परंतु ती कोणत्या कागदांवर उभी आहे, आणि कागद जेथे तुटले तेथे बखरकाराने काय भरले, हे विचारल्यावाचून तिचा आधार घेता येत नाही.

या साधनाच्या बाबतीत तो प्रश्न असा विचारता येईल : मापे तुटक असताना चित्र गुळगुळीत कसे झाले, आणि तो गुळगुळीतपणा कोणाकडून आला?

प्रश्नाचे महत्त्व कळण्यास मेंदूच्या रचनेची दोन-तीन मापे पुरेशी आहेत. बाह्यक, म्हणजे करड्या द्रव्याचा वरचा थर, सरासरीने अडीच मिलिमीटर जाड असतो. फॉन एकोनोमो आणि कोस्किनास यांनी १९२५ साली व्हिएन्ना येथे प्रसिद्ध केलेल्या प्रचंड ग्रंथात ही जाडी स्थानपरत्वे सुमारे दीडपासून साडेचार मिलिमीटरपर्यंत बदलते असे सूक्ष्मदर्शकाने मोजून दाखविले होते. हा थर चुरगाळलेल्या वस्त्राप्रमाणे दुमडलेला असून त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. खाचेचे दोन काठ पुष्कळ ठिकाणी एकमेकांस जवळजवळ टेकलेले असतात. त्यांच्यामध्ये द्रवाचा एक पातळ पडदा तेवढा असतो. तेव्हा ज्याला हे पृष्ठ काढावयाचे आहे त्याला अडीच मिलिमीटरांचा थर आणि त्याहून कितीतरी अरुंद फट, या दोन्हींचा छडा लावावा लागतो. त्याचे मोजमापाचे एकक जर यांपेक्षा मोठे असेल, तर त्याने काढलेली खाच ही मापातून आलेली नसून अन्य कोठून तरी आलेली असली पाहिजे.

छेदांवरून पृष्ठ रचण्याची विद्या एमआरआयहून पुष्कळ जुनी आहे. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ, येथील गर्भविज्ञानवेत्ता गुस्टाव्ह बोर्न याने १८८३ साली मेणाच्या पाट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. (भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न, जे १९३५-३६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिले होते, ते याचेच पुत्र.) गर्भाचे अतिशय पातळ छेद घ्यावयाचे, प्रत्येक छेदाची बाह्यरेषा ठराविक पटीने मोठी करून मेणाच्या पाटीवर उतरवायची, ती कापून काढायची आणि अशा पाट्या क्रमाने एकीवर एक रचावयाच्या. यात एक अट कटाक्षाने पाळावी लागे. चित्र पन्नास पट मोठे केले असेल, तर पाटीची जाडीही छेदाच्या जाडीच्या पन्नास पट हवी. वीस मायक्रॉनच्या छेदाला एक मिलिमीटरची पाटी. ही अट चुकली की हृदय चपटे होई किंवा मज्जारज्जू लांबे. पाट्या नेमक्या एकमेकींवर बसाव्यात म्हणून छेद घेण्यापूर्वीच नमुन्यासोबत एक आधारपृष्ठ बसवून घेण्याची युक्तीही बोर्नने योजिली होती.

या रीतीने जो आकार उभा राही तो स्वभावतःच पायऱ्यापायऱ्यांचा असे. मराठवाड्यातील एखाद्या बारवेत उतरताना जशी पायऱ्यांची भिंत दिसते तसा. मग शेवटची क्रिया केली जाई. तापविलेले धातूचे पाते पायऱ्यांवरून फिरवून त्यांच्या कडा वितळवीत आणि पृष्ठ एकसंध करीत. वस्तुसंग्रहालयांत ठेवलेले त्या काळचे सुंदर मेणाचे नमुने पाहताना हे पाते विसरले जाते. दोन पाट्यांच्या मध्ये अवयव कसा वळला असेल हे छेदांनी सांगितलेले नव्हते. ते कारागिराच्या हाताने ठरविले. छेद पातळ होते तोवर पात्याला काम थोडे होते, आणि चूक झाली तरी ती पायरीच्या उंचीहून मोठी होऊ शकत नसे. छेद जाड होताच पात्याचे राज्य वाढत असे.

बोर्नच्या पाट्यांपासून आजच्या प्रतिमायंत्रापर्यंत येताना मधला टप्पा क्ष-किरणांच्या गणनचित्राचा आहे. गॉडफ्री हाउन्सफील्ड याच्या यंत्राने लंडनच्या अ‍ॅट्किन्सन मॉर्ली रुग्णालयात ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेद घेतले. प्रत्येक चित्रात ८० गुणिले ८० एवढेच चौकोन होते आणि काप सुमारे १३ मिलिमीटर जाड होता. त्यावरून मेंदूचे पृष्ठ रचण्याचा विचार करणेही व्यर्थ होते. त्याच वर्षी गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी प्रक्षेपांवरून मूळ आकृती परत मिळविण्याची जी गणिती रीत प्रसिद्ध केली, ती पुढे अशा यंत्रांच्या गणनेत दीर्घकाळ वापरात राहिली.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाचा वृत्तांत महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये ही घटना स्वतंत्रपणे दाखवून दिली. स्टॅनफर्ड येथे ब्लॉख यांच्या परिवारात काम करणारे एस. एस. धर्मट्टी यांनी अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये मद्यार्काचा वर्णपट प्रसिद्ध केला. तोवर जेथे एकच उंचवटा दिसे तेथे आता तीन स्वतंत्र उंचवटे दिसले, कारण मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे अणू तीन निरनिराळ्या परिसरांत असतात. पदार्थ तोच होता; क्षेत्र अधिक एकसारखे झाल्याने दोन जवळच्या गोष्टी वेगळ्या दाखविण्याची क्षमता, जिला विभेदनक्षमता म्हणतात, ती वाढली होती. धर्मट्टी यांनी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा अभ्यासगट उभा केला आणि भारतात या विद्येची परंपरा तेथून रुजली. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर याने चुंबकीय क्षेत्राला जाणूनबुजून उतार देऊन पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र मिळविले. नळ्यांचा आतील व्यास एक मिलिमीटर होता. आज मेंदूच्या पृष्ठरचनेसाठी जे माप प्रमाण मानले जाते ते नेमके हेच, एक मिलिमीटर, हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक मिलिमीटरवरच माप का अडले, याचे कारण यंत्राच्या भौतिकीत आहे. प्रतिमेतील प्रत्येक आकडा मेंदूच्या एका लहानशा घनाचा, म्हणजे व्हॉक्सेलचा, प्रतिनिधी असतो आणि त्या घनात जेवढे पाणी तेवढाच संदेश मिळतो. घनाची बाजू निम्मी केली की घनफळ एकअष्टमांश होते व संदेशही तेवढाच उरतो. खरखर मात्र कमी होत नाही. पुनःपुन्हा मापून सरासरी घेतल्याने खरखर कमी करता येते, पण ती वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून एक मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरवर यावयाचे आणि चित्राची प्रतही तीच राखावयाची, तर वेळ ६४ पट लागतो. पाच मिनिटांचे काम पाच तास वीस मिनिटांचे होते. इतका वेळ कोणी निश्चल पडून राहू शकत नाही, आणि राहिला तरी नाडीच्या ठोक्याबरोबर मेंदू किंचित हालतच असतो. मृत मेंदूला ही अडचण नाही. म्हणूनच बोस्टन येथे २०१९ मध्ये एका मृत व्यक्तीच्या मेंदूची १०० मायक्रॉनची प्रतिमा सुमारे शंभर तास यंत्र चालवून घेता आली. जिवंत माणसाच्या बाबतीत दुसरा उपाय म्हणजे चुंबकाचे बळ वाढविणे. रुग्णालयांत सामान्यतः दीड किंवा तीन टेस्लाचे चुंबक असतात; संशोधनासाठी सात टेस्लाचे वापरतात; फ्रान्समधील सॅक्ले येथील ११.७ टेस्लाच्या यंत्राने २०२४ मध्ये चार मिनिटांत घेतलेल्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. त्यांत छेदाच्या पातळीत माप ०.२ मिलिमीटर होते. छेदाची जाडी मात्र एक मिलिमीटर होती. बोर्नची पाटी अशी अजूनही रेषेहून पाचपट जाड आहे.

आता पृष्ठरचनेकडे वळता येईल. तुटक मापांवरून अखंड सीमा अनुमानणे हा मुळातच प्रमाद होय, असे समजणे योग्य नव्हे. अनुमान कोणत्या गृहीतावर चालले आहे हे ठाऊक असेल, तर ते ग्राह्यही असते. याचे एक बोलके उदाहरण जालना जिल्ह्याच्याच भूमीवर घडलेले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईपूर्वी वेलस्लीला शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला असल्याची बातमी होती. प्रत्यक्षात ती केळणेच्या उत्तर काठाने भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी ती त्याच्या समोर आली. बातमी खोटी नव्हती. कित्येक मैलांच्या विस्ताराला एका गावाचे नाव देणारी, म्हणजे ठोकळ होती. त्यानंतर नदी ओलांडण्याचा प्रश्न आला. सोयीचा उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, आणि इतक्या जवळच्या गावांत येजा असणारच, तेव्हा उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. सैन्य पार गेले तेव्हा तर्क खरा ठरला. लढाईत त्याच्या बाजूची सुमारे सोळाशे माणसे मृत वा जखमी झाली, तो भाग वेगळा.

प्रतिमाशास्त्रात या दोन्ही गोष्टींना स्वतंत्र नावे आहेत. एका व्हॉक्सेलमध्ये करडे द्रव्य, श्वेत द्रव्य आणि द्रव हे एकत्र आले की त्या सर्वांचा मिळून एकच आकडा नोंदला जातो. याला आंशिक घनफळाचा दोष म्हणतात. ‘भोकरदन’ हा असा आकडा होता. आणि शेजारच्या दोन आकड्यांमधील सीमा प्रमाणाने ठरविणे याला अंतर्वेशन म्हणतात. वेलस्लीचा तर्क या जातीचा. १९७९ मध्ये हर्मन आणि लिउ यांनी अवयवांची जी त्रिमित चित्रे गणकयंत्रावर काढली त्यांत घनांचे ठोकळे उघड दिसत. पाहणाराला साधनाची मर्यादा न सांगता कळे. १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतील लोरेन्सन आणि क्लाइन यांनी ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत प्रसिद्ध केली आणि ठोकळे नाहीसे झाले. शेजारच्या आठ मापांचा एक घन घ्यावयाचा; प्रत्येक कोपरा सीमेच्या आत आहे की बाहेर हे पाहावयाचे. असे २५६ प्रकार संभवतात, ते सममितीने १५ वर आणता येतात, आणि प्रत्येक प्रकारात त्रिकोण कसे मांडावयाचे याचे कोष्टक आधीच तयार ठेवता येते. त्रिकोणाचे टोक घनाच्या कडेवर नेमके कोठे पडावे हे प्रमाणाने ठरते. ही रीत इतकी सोपी आणि तिचे फळ इतके देखणे होते की अल्पावधीत ती सर्वत्र पसरली. तापविलेले पाते आता गणिताचे झाले होते.

लोरेन्सन-क्लाइन यांच्या रीतीतील गृहीत असे की दोन मापांच्या मधे संदेश सरळ रेषेत बदलतो आणि सीमा एकच असते. कवटीच्या हाडाला किंवा मेंदूच्या उघड्या वळीच्या माथ्याला हे लागू पडते. किंबहुना याच कारणाने व्हॉक्सेलच्या आकाराहून लहान अंतराइतकी अचूकता काही ठिकाणी खरोखर साधते. एक मिलिमीटरच्या प्रतिमेवरून दशांश मिलिमीटरचा फरक मोजल्याचे सांगणारे सर्वच लोक अतिशयोक्ती करीत नाहीत. अडचण खाचेच्या तळाशी येते. तेथे एका व्हॉक्सेलच्या रुंदीत एक काठ, द्रवाचा पडदा आणि दुसरा काठ असे तीन पदार्थ येतात, म्हणजे सीमा दोन असतात. आकडा मात्र एकच. तो आकडा करड्या द्रव्याच्या आकड्याहून फारसा निराळा नसतो, आणि मग दोन काठ एकत्र चिकटून एकच जाड थर असल्याचे पृष्ठावर दिसते. खाच बुजते, थर जाडावतो, आणि चित्र पूर्वीइतकेच गुळगुळीत राहते. नकाशाच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर कुंडलिका नदी जालन्याजवळून एका रेषेने जाते. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या पत्रकावर तिची वळणे, ओढे आणि काठ वेगळे होतात. पहिल्या नकाशात कोणी खोटे लिहिलेले नसते.

अनुमानाला शरीररचनेच्या ज्ञानाची जोड देण्याचे काम १९९० च्या दशकात झाले. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ मध्ये जी पद्धत सविस्तर मांडली आणि जी ‘फ्रीसर्फर’ या नावाने जगभर वापरली जाते, तिने आधी श्वेत द्रव्याची बाहेरील सीमा शोधावयाची आणि तेथून पृष्ठ हळूहळू बाहेर फुगवीत द्रवाच्या सीमेपर्यंत न्यावयाचे, अशी योजना केली. श्वेत द्रव्याच्या सीमेवर खाचांचे काठ एकमेकांपासून अधिक दूर असतात, म्हणून तेथून आरंभ करणे हे चातुर्याचे आहे. शिवाय बाह्यकाचे पृष्ठ गणितदृष्ट्या गोलाशी समरूप असते, त्याला भोके किंवा मुठी नसतात. म्हणून अशा मुठी उत्पन्न झाल्यास त्या कापून टाकण्याचीही तरतूद केली गेली. दोष कमी झाले यात संशय नाही. परंतु मूठ कापलेले पृष्ठ सुसंगत झाले, म्हणजे ते योग्य जागी बसले असे होत नाही. बखरीतील वंशावळ जुळविली म्हणून तिच्यातील प्रत्येक पुरुष ऐतिहासिक ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

विभेदनाचा परिणाम किती होतो याची कसोटी पुढे एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या मापांच्या प्रतिमा घेऊन पाहता आली. ल्यूझेब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सात टेस्लाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या प्रतिमांची तीन टेस्लाच्या एक मिलिमीटरच्या प्रतिमांशी तुलना केली, तेव्हा बारीक मापात बाह्यक अधिक पातळ भरले. म्हणजे प्रमाण मानलेल्या मापाने थर पद्धतशीरपणे जाड दाखविला जात होता. वार्धक्याने किंवा विस्मृतीच्या विकाराने होणारी झीज मिलिमीटरच्या अंशांतच मोजावयाची असते. तेव्हा एका गावातील रुग्णांच्या प्रतिमा एका मापाच्या आणि दुसरीकडील निरोग्यांच्या दुसऱ्या मापाच्या असतील, तर दोहोंतील फरक रोगाचा की यंत्राचा हे सांगता येणार नाही. अमेरिकेतील ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने हजारांहून अधिक तरुणांच्या प्रतिमा ०.७ मिलिमीटरने घेतल्या, त्यामागे अशाच अडचणींचा विचार होता.

गुळगुळीतपणा येण्याचे आणखी एक द्वार आहे, ते आदर्श मेंदूचे. तालेराक आणि तूर्नू यांचा १९८८ चा प्रसिद्ध नकाशासंग्रह साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या एकाच मेंदूवर आधारलेला होता. माँट्रियल येथे पुढे आधी ३०५ आणि मग १५२ व्यक्तींची सरासरी काढून आदर्श तयार झाले, ते आजही सर्वत्र प्रमाण म्हणून वापरले जातात. सरासरीत प्रत्येकाच्या खाचा एकमेकींवर न बसल्याने त्या पुसट होतात, हा एक भाग. आणि त्या सरासरीत कोण होते, हा दुसरा. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुणांच्या प्रतिमांवरून एक भारतीय आदर्श रचला; पाश्चात्त्य आदर्शाच्या तुलनेत त्याची लांबी, रुंदी, उंची आणि घनफळ सरासरीने कमी भरले. जालना १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होते त्याच्याच राजधानीत हे काम व्हावे याचे कौतुक वाटेल. परंतु शंभर तरुण म्हणजे भारत नव्हे, आणि त्यात खेड्यांतील वृद्धांना तर मुळीच स्थान नाही, हेही नोंदविले पाहिजे.

संशोधनकेंद्रांतील हा विचार जिल्ह्याच्या ठिकाणी कसा लागू पडतो हे आता पाहावयाचे. रोगनिदानासाठी नेहमी काढल्या जाणाऱ्या मेंदूच्या एमआरआयमध्ये, मग तो मुंबईस काढलेला असो वा जालन्यास, काप बहुधा पाच मिलिमीटर जाड असतात आणि दोन कापांमध्ये थोडी मोकळी जागाही सोडलेली असते. छेदाच्या पातळीत माप अर्ध्या-एक मिलिमीटरचे असल्याने प्रत्येक चित्र सुटे पाहता स्पष्ट दिसते. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताचा डाग यांचे निदान त्यावर उत्तम होते, आणि रांगेत वीस रुग्ण असता दर रुग्णाला अर्धा तास देणाऱ्या केंद्राने अशीच रीत पत्करावी यात गैर काही नाही. (जालन्याच्या पोलाद कारखान्यांत सळया कापण्या-घासण्याचे काम केलेल्या माणसाला खोलीत नेण्यापूर्वी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता काय, हे विचारण्यातही वेळ द्यावाच लागतो, चुंबकापुढे तो कण हलला तर डोळा जाण्याचा धोका असतो.) परंतु अशा संचावरून पृष्ठ रचावयास घेतले की अडीच मिलिमीटरांच्या थरावर पाच मिलिमीटरांची पाटी बसते. काप ज्या खाचेला आडवा छेदतो ती खाच दिसते. ज्या खाचेला समांतर जातो ती एका कापात पूर्ण हरवू शकते.

येथे ज्याचे नुकसान होते असा एक रुग्णवर्ग आहे. औषधांनी न थांबणाऱ्या अपस्मारात पुष्कळदा कारण बाह्यकाच्या एखाद्या लहानशा जन्मजात दोषात असते : थोडा थर जाड झालेला असतो, करड्या-श्वेत द्रव्यांची सीमा पुसट असते, आणि दोष बहुधा खाचेच्या तळाशी असतो. तो सापडला तर शस्त्रक्रियेने फिट्स थांबण्याची आशा असते. आता आंशिक घनफळाच्या दोषाची लक्षणे पाहिली तर तीही हीच आहेत : थर जाड, सीमा पुसट, जागा खाचेचा तळ. जाड कापांच्या प्रतिमेत रोग आणि यंत्रदोष एकाच वेषात येतात, आणि वाचणारा तज्ज्ञ सावध असल्यास दोहोंकडे दुर्लक्ष करून प्रतिमा प्राकृत असल्याचा अभिप्राय लिहितो. भोकरदन किंवा अंबड तालुक्यातील एखाद्या मुलाच्या हाती असा अभिप्राय पडला, तर पुढील तपासणीचा मार्ग तेथेच खुंटण्याचा संभव असतो.

गेल्या काही वर्षांत या अडचणीवर एक नवे पाते निघाले आहे. इग्लेसियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘सिंथ-एसआर’ ही रचना जाड कापांच्या सामान्य प्रतिमेवरून एक मिलिमीटरची प्रतिमा तयार करून देते. पुष्कळ मेंदूंच्या रचनेवरून यंत्राला शिकविलेले असते आणि कापांच्या मधील जागा ते त्या शिकवणीने भरते. मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे घनफळ मोजणे, मोठ्या संख्येने जुन्या रुग्णप्रतिमांचा अभ्यास करणे यांसाठी तिचा उपयोग सिद्ध झाला आहे, आणि ज्या प्रदेशांत जाड कापांखेरीज काही साठाच नाही तेथील प्रतिमा प्रथमच अभ्यासाच्या कक्षेत आल्या, हे मोठे कार्य होय. तथापि, ही रचना पक्षाघाताचे डाग व तत्सम विकृती बहुधा निरोगी दिसणाऱ्या ऊतीने भरून काढते. तिच्या कर्त्यांनी हे लपविलेले नाही, कारण मोजणीच्या इतर साधनांना निरोगी वाटणारी प्रतिमाच सोयीची पडते. बोर्नच्या कारागिराने पाते फिरविताना पायरी वितळविली, पण पाटीवर कापलेली रेषा तशीच ठेवली. येथे कापात दिसत असलेली गोष्टही वितळू शकते. अशा प्रतिमेवरून काढलेल्या पृष्ठात जालन्याच्या रुग्णाची जी खाच दिसते ती त्याची किती आणि शिकवणीतल्या अनोळखी मेंदूंची किती, याचा हिशेब ते पृष्ठ स्वतः देत नाही.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक बारकावा येथे सांगणे अवश्य आहे. प्रतिमेसोबत येणाऱ्या शीर्षनोंदीत बिंदूंमधील अंतर दिलेले असते आणि नवखा अभ्यासक तेच विभेदन समजतो. वस्तुतः पुष्कळ यंत्रे २५६ ओळींचे माप घेऊन गणिताने ५१२ ओळींचे चित्र बाहेर देतात. नोंदीत अर्धा मिलिमीटर दिसतो, मोजलेला मात्र एक असतो. उतारा किती सुवाच्य आहे यावरून मूळ पत्र किती शाबूत होते हे ठरत नाही. कापाची जाडी, कापांमधील अंतर, प्रत्यक्ष मोजलेल्या ओळींची संख्या आणि नंतर केलेल्या संस्काराचे नाव या चार गोष्टी नोंदीत शोधाव्या लागतात. त्यांपैकी एखादी न सापडल्यास त्या प्रतिमेवरून जाडीसंबंधी विधान करू नये.

अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कृतिदलाने २०१९ मध्ये जी शिफारस केली ती या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. अपस्माराच्या रुग्णाच्या तपासणीत तिन्ही दिशांनी एक मिलिमीटर असलेली, मोकळी जागा न सोडता घेतलेली त्रिमित प्रतिमा असावी, असे तिच्यात म्हटले आहे. त्यासाठी सात टेस्लाची गरज सांगितलेली नाही. दीड टेस्लाच्या यंत्रावरही ती घेता येते. यंत्रानुसार अशा एका मालिकेला सुमारे पाच ते दहा मिनिटे लागतात. म्हणजे जिल्ह्याच्या गावी पाच मिलिमीटरची पाटी आणि एक मिलिमीटरची पाटी यांमधील अंतर पुष्कळदा नव्या चुंबकाचे नसून रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘फिट्स’ हा शब्द लिहिण्याचे, तो तंत्रज्ञाने वाचण्याचे आणि रांगेतील पुढच्या माणसाने दहा मिनिटे थांबण्याचे असते.